डाग पाडणारी भुकटी आणि उन्हात बसायचं औषध

एकोणिसाव्या शतकात गजकर्ण-नायट्यावर ‘गोवा पावडर’ नावाची पिवळट-तपकिरी भुकटी वापरली जायची. तिचा गोव्याशी संबंध एवढाच, की पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती तिथे उतरायची. मूळ झाड ब्राझीलचं, अरारोबा. त्याच्या खोडातल्या पोकळ्यांत ही भुकटी साचते. नायटा तिने हटायचा, पण भोवतालची कातडी जांभळट-तपकिरी होऊन बसायची, कपड्यावरचा डाग कितीही धुतला तरी निघत नसे, आणि तेच बोट चुकून डोळ्याला लागलं तर डोळा लालबुंद.

१८७६च्या सुमारास बालमॅनो स्क्वायर या इंग्रज त्वचारोगतज्ज्ञाकडे एक रुग्ण होता. त्याचा सोरायसिस (कातडीवर लाल चट्टे आणि खपल्या आणणारा रोग) नायटा समजून त्यावर गोवा पावडर लावली गेली होती, आणि खपल्या चक्क कमी झाल्या होत्या. निदान चुकलं, औषध लागू पडलं! पुढे भुकटीतला गुणकारी भाग वेगळा काढला, त्याला क्रायसारोबिन म्हणू लागले. पहिल्या महायुद्धात जर्मनीला हा कच्चा माल मिळेना, तेव्हा १९१६मध्ये तिथल्या रसायनतज्ज्ञांनी त्याचं जवळचं भावंड कारखान्यात तयार केलं. तेच डिथ्रॅनॉल. झाड मागे पडलं, डाग मात्र राहिले: हे मलम आजही बऱ्याचदा थोडा वेळ ठेवून धुऊन टाकायला सांगतात.

बावची या औषधी वनस्पतीची गोष्ट याहून जुनी. चरकसंहितेत कुष्ठाचे १८ प्रकार आहेत, ७ महाकुष्ठं आणि ११ क्षुद्रकुष्ठं. कोडाला तिथे श्वित्र म्हटलं आहे. (कुष्ठ या एका शब्दात तेव्हा इतकं काही मावत होतं, की ‘अमुक वनस्पतीने कुष्ठ बरं होतं’ हे वाक्य आजच्या कुठल्या रोगाला लावायचं, हा प्रश्न दरवेळी पडायला हवा. तो फारसा कुणाला पडत नाही.) कोडावर बावची द्यायची आणि रुग्णाला उन्हात बसवायचं, अशी रीत. नाईलच्या काठी अम्मी माजुस या वनस्पतीच्या बिया याच कामाला येत. तेराव्या शतकात इब्न अल-बैतार या वनस्पतीतज्ज्ञाने त्यांची नोंद केली आहे. दोन वेगळ्या वनस्पती, पण उपचार एकच, कारण दोन्हींत सोरालेन जातीची द्रव्यं आहेत. ही द्रव्यं पेशीतल्या डीएनएत शिरून बसतात आणि अतिनील प्रकाश पडला की त्या डीएनएला चिकटतात. म्हणजे ऊन हे पथ्य नव्हतंच, तो औषधाचा अर्धा भाग होता.

१९४७मध्ये इजिप्तमध्ये अम्मीतून मेथॉक्सिसोरालेन वेगळं काढलं गेलं. १९७४मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी त्याच्या गोळ्या आणि दिव्यातला मोजलेला अतिनील प्रकाश एकत्र वापरून सोरायसिसवर ‘पुवा’ उपचार मांडला. वर्षानुवर्षं पुवा घेणाऱ्यांत त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हेही काही वर्षांतच दिसलं. आता बहुतेक ठिकाणी ३११ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा अतिनील प्रकाश देतात, सोरालेनशिवाय.

कडू कवठाचं तेल, म्हणजे सुश्रुताचं तुवरक, महारोगावर चालायचं. सुश्रुताने ही झाडं पश्चिम समुद्राकाठची म्हणून सांगितली आहेत. पोटात घेतलं तर मळमळ, सुईने टोचलं तर ते घट्ट तेल कातडीखाली गाठी करून राहायचं. हवाईमध्ये ॲलिस बॉल या तरुण रसायनतज्ज्ञ बाईंनी त्याचे टोचता येतील असे एस्टर (तेलातल्या आम्लांपासून केलेली संयुगं) बनवले. १९१६च्या शेवटी, वयाच्या २४व्या वर्षी त्या वारल्या, आणि त्यांचं काम बराच काळ दुसऱ्याच्या नावावर राहिलं. १९४०नंतर सल्फोन औषधं आली आणि तेलाची गरज उरली नाही.

या सगळ्यांत सौम्य एकच, दळलेले ओट्स. खाज सुटलेल्या, कोरड्या कातडीसाठी त्यांचं पीठ फार पूर्वीपासून वापरात आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००३मध्ये त्याला त्वचा-संरक्षक म्हणून मान्यता दिली.

सोरालेनचे सख्खे नातेवाईक मात्र स्वयंपाकघरातही असतात. मुरमांचे डाग जावेत म्हणून लिंबू चोळून उन्हात गेलं, की एक-दोन दिवसांनी कातडी लाल होते, फोड येतात, आणि रस जिथे ओघळला असेल नेमक्या त्याच रेषेत काळपट पट्टा उरतो. तो जायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात.