एक कोटी लोक आणि पाच खुर्च्या

लॉस एंजेलिसच्या आग्नेयेला आर्टेशिया नावाचे छोटेसे शहर आहे. तिथला पायोनियर बुलेव्हार्ड म्हणजे ‘लिटल इंडिया’. साड्या, दागिने, चाट, किराणा असा सगळा बाजार तिथे भरलेला असतो, आणि त्या भागातली मराठी मंडळीही सणासुदीच्या खरेदीला तिकडे वळतात. त्या रस्त्यावरची पोलिसांची गाडी जरा नीट पाहावी. ती शहर पोलिसांची नसते, काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, शेरीफची असते. आर्टेशियाला महापौर आहे, नगरसभा आहे, पण स्वतःचे पोलीस खाते नाही. ते काउंटीकडून करारावर घेतलेले आहे, एखाद्या सोसायटीने वॉचमन एजन्सीकडून घ्यावा तसे.

शेरीफ म्हटले की मुंबईकराला मानाचे नगरपाल आठवतात. राज्यपालांनी एका वर्षासाठी नेमलेले, समारंभापुरते. लॉस एंजेलिसचा शेरीफ मात्र मते मागून निवडून येतो, हजारो सशस्त्र पोलीस बाळगतो आणि देशातल्या सर्वांत मोठ्या तुरुंगव्यवस्थांपैकी एक चालवतो. त्याच्या खात्याला पैसे देते ते पाच सुपरवायझरांचे मंडळ. सुपरवायझर म्हणजे परीक्षेच्या हॉलमध्ये फिरणारे गृहस्थ नव्हेत. काउंटीत कायदा करणारे तेच आणि तो राबवणारेही तेच. या काउंटीचा इतिहास मुख्यतः त्या पाच या आकड्याचा इतिहास आहे.

कॅलिफोर्नियाने १८५० मध्ये पहिल्या २७ काउंट्या आखल्या, त्यात लॉस एंजेलिस होती. त्या वर्षीच्या जनगणनेत तिची लोकसंख्या भरली ३,५३०. सुरुवातीला कारभार न्यायाधीशांच्या एका मंडळाकडे होता. १८५२ मध्ये तो पाच निवडून आलेल्या सुपरवायझरांकडे आला, म्हणजे सातशे माणसांमागे एक सुपरवायझर. पुढे सॅन बर्नार्डिनो (१८५३) आणि ऑरेंज (१८८९) असे मोठे तुकडे वेगळे झाले. जमीन घटली, माणसे मात्र वाढतच गेली. २०२० च्या जनगणनेत आकडा एक कोटीच्या पुढे गेला आणि सुपरवायझर तरीही पाचच. एकाच्या वाट्याला सुमारे २० लाख माणसे येतात. महाराष्ट्रात एवढ्यांसाठी साधारण एक खासदार असतो, आणि त्याच मतदारसंघात आमदार, जिल्हा परिषद सदस्य आणि नगरसेवकही असतात.

आजच्या व्यवस्थेचा पाया १९१२ चा. त्या काळी कॅलिफोर्नियाच्या राजकारणावर सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीची घट्ट पकड होती. ती मोडण्याची शपथ घेऊन हायरम जॉन्सन १९११ मध्ये गव्हर्नर झाले. त्याच लाटेत काउंट्यांना स्वतःची सनद, म्हणजे चार्टर, लिहिण्याचा अधिकार मिळाला. लॉस एंजेलिसच्या मतदारांनी नोव्हेंबर १९१२ मध्ये अशी सनद मंजूर केली. देशातली ती पहिली काउंटी. नोकरभरतीतली वशिलेबाजी थांबवण्यासाठी परीक्षा आल्या. गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील देणारे ‘पब्लिक डिफेंडर’ कार्यालय १९१४ मध्ये सुरू झाले, तेही देशातले पहिले. त्या कल्पनेचा पाठपुरावा क्लारा फोल्ट्झ या वकील बाईंनी आधीची कित्येक वर्षे केला होता. आज तिथल्या फौजदारी न्यायालयाच्या इमारतीला त्यांचे नाव आहे.

सनदेने बरीच पदे निवडणुकीतून काढून नेमणुकीची केली. शेरीफ, सरकारी वकील आणि मालमत्तेचे मूल्य ठरवणारा असेसर हे तीन मात्र लोकांनी निवडायचे राहिले. काउंटीला निवडून आलेला प्रमुख काही मिळाला नाही. १९३८ मध्ये मुख्य प्रशासकीय अधिकारी आला, पण तो मंडळाने नेमलेला. म्हणजे पाचांचा निर्णय फिरवू शकेल असे काउंटीत वर कोणीच नव्हते. लोक त्यांना ‘फाइव्ह लिटल किंग्ज’ म्हणू लागले. ते खोटे नव्हते. केनेथ हान १९५२ मध्ये निवडून आले आणि १९९२ पर्यंत, तब्बल चाळीस वर्षे, त्याच खुर्चीवर होते. चार वर्षांच्या तीनच मुदती, हे बंधन २००२ मध्ये आले.

आर्टेशियाच्या करारावरच्या पोलिसांची गोष्टही याच सत्तेत मुरलेली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लाँग बीचच्या शेजारी लेकवुड ही प्रचंड वसाहत उभी राहिली. लाँग बीच तिला गिळणार अशी चिन्हे दिसताच रहिवाशांनी १९५४ मध्ये स्वतःचे शहर स्थापन केले. नवे पोलीस ठाणे, नवे खाते यांचा खर्च मात्र नको होता, म्हणून सेवा काउंटीकडूनच विकत घेतल्या. हा ‘लेकवुड प्लॅन’ इतरांना फारच सोयीचा वाटला आणि वसाहतींमागून वसाहती शहरे होत गेल्या. आर्टेशिया १९५९ मध्ये झाले. आज काउंटीत ८८ शहरे आहेत. ईस्ट लॉस एंजेलिससारखा भाग मात्र कुठल्याच शहरात मोडत नाही. अशा भागांत मिळून सुमारे दहा लाख लोक राहतात. त्यांना महापौर नाही, नगरसेवक नाही. रस्त्यातल्या खड्ड्यापासून बांधकामाच्या परवान्यापर्यंत त्यांची महापालिका म्हणजे तो एक सुपरवायझर.

सुपरवायझर कोण होणार, हे मतदारसंघाच्या रेषा ठरवतात, आणि त्या रेषा सुपरवायझरच आखत. कुंपणाची राखण शेळीकडे दिल्यासारखे. लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांची, वस्ती झपाट्याने वाढत होती, पण १८७५ नंतर एकही लॅटिनो त्या मंडळावर बसला नव्हता. १९८१ च्या आखणीत ती वस्ती मुद्दाम वेगवेगळ्या मतदारसंघांत विभागली, असा निष्कर्ष गार्झा खटल्यात १९९० मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने काढला. नव्या रेषा आखल्या गेल्या, फेब्रुवारी १९९१ मध्ये ग्लोरिया मोलिना निवडून आल्या, आणि त्या मंडळावर मतदारांनी निवडून दिलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. आता हे काम १४ नागरिकांच्या स्वतंत्र आयोगाकडे आहे. त्यातले पहिले आठ जण पात्र अर्जदारांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडले जातात आणि ते आठ उरलेले सहा निवडतात. डिसेंबर २०२० पासून मंडळातल्या पाचही खुर्च्यांवर बायका बसल्या.

प्रत्यक्ष निवडणूक आपल्या सवयीपेक्षा वेगळी. काउंटीच्या मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे पक्ष नसतो. पहिल्या फेरीत निम्म्याहून जास्त मते मिळाली तर तिथेच निकाल, नाहीतर पहिले दोघे नोव्हेंबरमध्ये पुन्हा समोरासमोर. पाचही जागांची निवडणूक एकदम होत नाही. दोन गव्हर्नरच्या वर्षी, तीन राष्ट्राध्यक्षाच्या वर्षी. मतदार ५० लाखांहून जास्त, एकाच कार्यालयाने सांभाळायचे. अमेरिकेत एवढे मोठे स्थानिक निवडणूक कार्यालय दुसरे नाही.

१९६८ पासून इथे भोके पाडायची कार्डे होती. २००० च्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत अशाच कार्डांच्या मोजणीवरून फ्लोरिडात गोंधळ झाला, त्यानंतर ती मोडीत निघाली. आता यंत्रेही काउंटीने स्वतः विकसित करून घेतली आहेत. पडद्यावर निवड करायची, यंत्र कागद छापून देते, तो वाचून पाहायचा आणि मग पेटीत सरकवायचा. भाषांच्या यादीत हिंदीही आहे. मार्च २०२० मध्ये ही यंत्रे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर उतरली. त्याच वेळी हजारो मतदान केंद्रे रद्द करून सुमारे हजार ‘व्होट सेंटर’ केली होती, कुठेही जा आणि मत द्या. पण मतदारांची नावे पडताळणारी टॅबलेट अडली आणि रांगा तासन् तास हलल्या नाहीत. आता प्रत्येक मतदाराच्या घरी मतपत्रिका टपालाने येते आणि बहुतेक जण तीच भरून पाठवतात. लिफाफ्यावरची प्रत्येक सही नोंदणीतल्या सहीशी जुळवली जाते. टपालाचा शिक्का मतदानाच्या दिवसापर्यंतचा असेल तर नंतर पोचलेले लिफाफेही धरले जातात. त्यामुळे चुरशीच्या निकालाला आठवडे लागतात. ‘मोजणी अजून चालूच कशी’ या संशयाचे मूळ बहुतेकदा एवढ्यातच असते.

निवडून आलेला शेरीफ आणि त्याला पैसे देणारे मंडळ यांचे सूत नेहमी जमतेच असे नाही. २०१८ मध्ये अॅलेक्स विलानुएवा निवडून आले आणि भांडण इतके पेटले की २०२२ मध्ये मतदारांनी मंडळाला पाचपैकी चार मतांनी शेरीफला काढण्याचा अधिकार देऊन टाकला. त्याच निवडणुकीत विलानुएवा हरलेही. म्हणजे पाचांचे वजन आणखी वाढले.

खुर्च्या वाढवण्याचे प्रस्ताव आधी कितीदा तरी पडले होते, २००० सालीही. आणखी राजकारणी कशाला पोसायचे, हा लोकांचा सरळ प्रश्न. नोव्हेंबर २०२४ मध्ये मात्र ‘मेजर जी’ हा सनद-दुरुस्तीचा प्रस्ताव मतदारांनी निसटत्या बहुमताने मंजूर केला. २०२८ मध्ये काउंटीचा प्रमुख थेट लोकांतून निवडला जाईल आणि २०३२ मध्ये सुपरवायझर नऊ होतील. १८५२ चा आकडा अखेर हलला.

पण हलताना एक भांडे फुटले. २०२० मध्ये मतदारांनी ‘मेजर जे’ हा असाच एक प्रस्ताव मंजूर केला होता. काउंटीच्या स्वतःच्या मोकळ्या उत्पन्नातला किमान दहा टक्के पैसा तुरुंगावर नव्हे, तर मानसिक उपचार, घरे, तरुणांचे कार्यक्रम अशा गोष्टींवर खर्च करायचा, असा तो नियम. तो सनदेच्या अधिकृत मजकुरात चढवायचे राहून गेले होते. नव्या दुरुस्तीने सनदेचा तो भाग मुळातून बदलला तेव्हा समोरच्या प्रतीत ‘जे’ नव्हतेच, आणि ते आपोआप रद्द व्हायच्या यादीत गेले. कोणाच्या लक्षातही आले नाही. ही चूक २०२५ मध्ये पकडली ती दुआर्ते या छोट्या शहराच्या एका माजी नगरसेवकाने.