खाडीचं पाणी आणि नखाएवढी प्रयोगशाळा

नवी मुंबईतल्या रबाळे-महापे औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्यांना रात्रीचा तो उग्र वास ओळखीचा आहे. सकाळी कुणी पाहणीला येईपर्यंत नाल्यातलं पाणी ओहोटीबरोबर ठाण्याच्या खाडीत पसार झालेलं असतं. मग तपासणीचं यंत्रच खिशात घालून रात्री नाल्यावर का जाऊ नये?

कल्पना नवी नाही. वायूंचं मिश्रण वेगळं करणारं यंत्र स्टॅनफर्डमध्ये १९७९ सालीच सिलिकॉनच्या चकतीवर कोरलं होतं. पाण्यासाठी काचेची चिप घेतात. तिच्यात केसाहून बारीक, ५० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाट कोरायची, पाण्याचा इवलासा थेंब सोडायचा आणि दोन्ही टोकांना हजारभर व्होल्ट लावायचे. पाण्यातले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, धावत सुटतात. आकाराने लहान आणि जास्त भार असलेले पुढे, थोराड मागे. रुंद नळीत एवढ्या व्होल्टांनी पाणी तापून सगळा काला झाला असता. बारीक वाटेतली उष्णता काच लगेच शोषून घेते. प्रवाह इतका क्षीण असतो की बॅटरीवर भागतं. दोन-चार मिनिटांत शर्यत संपते.

खरी पंचाईत पुढे आहे. कोण पोहोचलं, हे बघायचं कसं? प्रयोगशाळेत एक सेंटीमीटर रुंद कुपीतून प्रकाश सोडतात आणि किती शोषला गेला ते मोजतात. इथे वाटच ५० मायक्रॉनची, म्हणजे शोषण २०० पटींनी कमी! लेसर वापरता येतो, पण मग चिप नखाएवढी आणि तिचा संसार टेबलभर. त्यापेक्षा काचेच्या बाहेरून दोन इलेक्ट्रोड लावून आतल्या पाण्याची विद्युतवाहकता मोजणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. इलेक्ट्रोड पाण्याला शिवतच नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर गाळ बसत नाही.

पण आपली खाडी खारी. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आलेखावर मिठातल्या क्लोराइडचा डोंगर उभा राहतो आणि त्याच्या अगदी मागोमाग धावणारा नायट्रेट त्याच्याआड दडतो. पाणी पातळ करावं, तर जे शोधतोय तेही पातळ होतं. शिवाय चिखलाच्या एका कणाने वाट तुंबते, म्हणून आधी गाळणं आलंच.

तेव्हा चिप घेऊन जायचंच, तर पूर्ण ओहोटीला जावं. नाल्याच्या तोंडाशी तेव्हा खारं पाणी सगळ्यात कमी असतं. ती वेळ दिवाळे गावातला कुठलाही कोळी तिथीवरून सांगेल.