रोटाव्हायरस अतिसार

रोटाव्हायरस हा तान्ह्या व लहान मुलांना तीव्र जुलाब-उलट्या घडवून आणणारा विषाणू आहे. देश श्रीमंत असो वा गरीब, घरात नळाचे पाणी असो वा विहिरीचे, पाच वर्षांचे होईपर्यंत जवळपास प्रत्येक मुलाला त्याचा संसर्ग होतोच. कोणते मूल दगावते हे मात्र त्याचे पोषण कसे आहे आणि उपचार किती लवकर मिळतात यावर ठरते. २०१३ साली जगात या विषाणूने सुमारे २,१५,००० बालकांचा बळी घेतला, असा अंदाज आहे. त्यांतली सुमारे ४७,००० बालके भारतातली होती.

१९७३ मध्ये मेलबर्नमधील रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जुलाब झालेल्या मुलांच्या लहान आतड्याच्या नमुन्यांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू दिसला. लॅटिनमध्ये ‘रोटा’ म्हणजे चाक; चाकासारख्या आकारामुळे त्याला हे नाव मिळाले. तोपर्यंत बहुतेक मुलांच्या जुलाबाचे कारण सापडतच नसे.

विषाणूला प्रथिनांची तीन आवरणे असतात आणि आत आरएनए या दुपदरी जनुकीय द्रव्याचे ११ सुटे तुकडे असतात. बाहेरच्या आवरणावरील व्हीपी७ व व्हीपी४ या प्रथिनांवरून त्याचे ‘जी’ आणि ‘पी’ प्रकार ठरतात. एकाच पेशीत दोन वाण (विषाणूचे उपप्रकार) शिरले, तर हे तुकडे आपसांत बदलले जाऊन नवा वाण तयार होतो. त्यामुळे वाणांची विविधता वाढते. पण काही लसीही याच गुणाचा उपयोग करून बनवल्या गेल्या आहेत.

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात. त्यांच्या टोकावरच्या पक्व पेशींत हा विषाणू वाढतो. या पेशी नष्ट झाल्या की अन्न आणि पाणी नीट शोषले जात नाही. शिवाय विषाणूचे एनएसपी४ हे प्रथिन विषासारखे काम करते आणि आतड्यात क्षार व पाणी सोडायला लावते. म्हणून आतड्याची फारशी नासधूस होण्याआधीच पाण्यासारखे जुलाब सुरू होऊ शकतात. संसर्गानंतर साधारण दोन दिवसांत ताप आणि उलट्या येतात, मागोमाग जुलाब लागतात आणि ते तीन ते आठ दिवस टिकतात. सर्वाधिक त्रास सहा महिने ते दोन वर्षे या वयात होतो. नेमके याच काळात दात येत असल्यामुळे ‘दात येताहेत, म्हणून जुलाब’ असे म्हणून घरात वाट पाहिली जाते. ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी मोलाचे तास वाया जातात.

आजारी मुलाच्या एक ग्रॅम विष्ठेत अब्जावधी विषाणू असतात, आणि संसर्गाला त्यांतले शंभरही पुष्कळ होतात. हात, खेळणी, दुपटी, पाळण्याचे कठडे यांवर तो टिकून राहतो. साबणाने हात धुतल्यावर तो वाहून जातो. तरी निव्वळ स्वच्छतेने हा आजार आटोक्यात येत नाही, हे स्वच्छ पाणी आणि उत्तम सांडपाणी व्यवस्था असलेल्या देशांच्या अनुभवावरून दिसते. भारतात थंडीच्या कोरड्या दिवसांत त्याचा जोर वाढतो.

विषाणू मारणारे औषध प्रचलित नाही, आणि प्रतिजैविकांचा इथे काहीच उपयोग नाही. मूल दगावते ते शरीरातले पाणी आणि क्षार संपल्यामुळे, म्हणून सगळा भर ते भरून काढण्यावर असतो. आतडे दुखावलेले असतानाही ग्लुकोजच्या जोडीने सोडियम आणि त्यामागून पाणी आत घेण्याचा मार्ग बऱ्याच अंशी चालू राहतो. जलसंजीवनी म्हणजे ओआरएसची सारी ताकद यात आहे. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन अपुरे पडू लागल्यावर पटकीच्या (कॉलराच्या) रुग्णांना ग्लुकोज व क्षारांचे हे मिश्रण तोंडावाटे दिले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. ओआरएसचे मोठे पाकीट असेल, तर ते एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम पूर्ण रिकामे करावे. चिमूटभर पूड पेल्यात टाकून दिल्यास क्षारांचे प्रमाण बिघडते. बाळाने उलटी केली तर दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा चमच्या-चमच्याने, आधीपेक्षा सावकाश पाजावे. अंगावरचे दूध बंद करू नये. सोबत १४ दिवस जस्ताच्या (झिंकच्या) गोळ्या द्याव्यात: सहा महिन्यांखाली रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे २०. टाळू किंवा डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू बसू लागली, लघवी थांबली किंवा बाळ मलूल पडले, तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

प्रतिबंधाचा खरा आधार लस आहे. दिल्लीच्या एम्समध्ये १९८० च्या दशकात नवजात बालकांत ११६ई हा वाण सापडला. त्याचा संसर्ग होऊनही ती बाळे आजारी पडली नव्हती. डॉ. महाराज किशन भान यांच्या पुढाकाराने, अनेक संस्थांच्या दीर्घ सहकार्यातून, हैदराबादच्या भारत बायोटेकने त्यापासून रोटाव्हॅक ही लस बनवली. दिल्ली, पुणे आणि वेल्लोर येथे ६,७९९ बालकांवर तिची चाचणी झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रोटासिल ही लस मानव आणि गाय यांच्या विषाणूंच्या तुकड्यांची जुळणी करून तयार केली असून ती उष्णता चांगली सहन करते. भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात रोटाव्हायरस लस २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आली. महाराष्ट्रात ती २०१९ मध्ये सुरू झाली.

रोटाव्हॅकने पहिल्या वर्षी गंभीर रोटाव्हायरस जुलाबांपासून सुमारे ५६ टक्के संरक्षण दिले. श्रीमंत देशांत अशा लसी ८५ टक्क्यांहून अधिक परिणामकारक ठरतात. आईकडून आलेली प्रतिपिंडे (संसर्गाशी लढणारी प्रथिने), कुपोषण, आतड्याला वारंवार होणारे संसर्ग अशी कारणे यामागे सांगितली जातात. वेल्लोरच्या मुलांत तर तीन नैसर्गिक संसर्गांनंतरही मध्यम व गंभीर आजारापासूनचे संरक्षण ७९ टक्केच आढळले होते. मेक्सिकोत मात्र दोन संसर्ग पुरेसे ठरले होते. यावरून आपल्याकडे ही लस बिनकामाची आहे असा निष्कर्ष काढणे मोठी चूक ठरेल. जिथे आजारच अफाट आहे, तिथे निम्मी गंभीर प्रकरणे टळली तरी वाचणाऱ्या जिवांची संख्या फार मोठी असते.

सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात ही लस तोंडावाटे देतात. १९९८ मध्ये अमेरिकेत आलेली रोटाशील्ड ही लस आतड्यात आतडे अडकण्याच्या विकारामुळे पुढच्याच वर्षी मागे घ्यावी लागली. नंतरच्या लसींच्या चाचण्या हा धोका डोळ्यांसमोर ठेवून झाल्या. आताच्या लसींबाबत तो अतिशय विरळा आहे. तरीही डोसनंतरच्या दिवसांत बाळ थांबून-थांबून कळवळून रडू लागले, सारखे ओकू लागले किंवा शीतून रक्त पडले, तर त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे आणि लस दिल्याची तारीख सांगावी.