पाडव्याची सुपारी, चैत्राची रात्र: यात्रेतल्या तमाशाची पार्श्वभूमी

गुढीपाडव्याच्या आगेमागे पुणे–नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावात तमाशा फडांच्या, म्हणजे कलाकार मंडळ्यांच्या, राहुट्या लागतात. बाहेर फडमालकाच्या नावाचा रंगीत फलक, आत सतरंजी, एक टेबल, पंचांग आणि वही. गावोगावची यात्रा कमिटी जीप भरून येते, दोन-चार राहुट्या फिरते आणि कुठेतरी बसते. चैत्र-वैशाखात जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पारनेर, संगमनेरच्या गावांत रात्री मित्रमंडळी ज्या तमाशाला जमते, त्याचा व्यवहार, म्हणजे सुपारी, या सतरंजीवर ठरतो.

यात्रा चैत्रातच का, याचे उत्तर शेतात आहे. ज्वारी-गहू खळ्यावरून घरात आलेला असतो, हातात थोडा पैसा असतो, पेरणीला अवकाश असतो. पाऊस नाही, थंडी सरलेली, रात्र उघड्यावर काढता येते. शुद्ध पक्षात चांदणेही असते. शिखर शिंगणापूरच्या कावडी, जोतिबाच्या सासनकाठ्या, वणीच्या सप्तशृंगीची यात्रा, कार्ल्याची एकवीरा हे सगळे याच पंधरवड्यातले. मोठ्या देवस्थानांच्या पाठोपाठ गावोगावच्या भैरवनाथांच्या, हनुमानाच्या, म्हसोबाच्या यात्रा लागतात. मुंबई-पुण्याला नोकरीत असलेला माणूस दिवाळीची रजा एखाद वेळी चुकवेल, यात्रेची नाही.

तमाशा या यात्रेत नंतर शिरला आणि मग तिचा कणा झाला. पेशवाईच्या उत्तरार्धात राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर, परशराम या शाहिरांनी लावणी बांधली. तेव्हाचा तमाशा म्हणजे मुख्यतः गाणे, नाच आणि हजरजबाबीपणा. त्यात सलग कथानक आले ते वगामुळे, म्हणजे तमाशातल्या नाट्यामुळे. सांगलीकडच्या सावळजच्या उमा-बाबूंचा ‘मोहना-बटाव’ हा १८६५च्या सुमाराचा वग पहिला मानतात. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्ण कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५), जात आणि घर मागे टाकून फडात आले. त्यांच्या फडातल्या पवळाने बाईच्या भूमिकेत बाईच उभी राहणे रूढ केले. त्याआधी हे काम नाच्या पोऱ्याचे, म्हणजे बाईचे सोंग घेणाऱ्या मुलाचे, होते.

नारायणगावचे नाव मोठे झाले ते भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडाने आणि पुढे भाऊंच्या कन्या विठाबाईंमुळे. राज्य सरकार २००६पासून विठाबाईंच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. गाव मोक्याचे आहे, हेही कारण खरेच: डोंगरपट्ट्यातली आणि पठारावरची यात्रेची गावे इथून एका रात्रीच्या टप्प्यात येतात.

स्वातंत्र्यानंतर लगेच, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना, अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली. नंतर ती अटींवर उठली: संहिता आधी तपासून घ्यायची, मगच प्रयोग. फलकांवर ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’ हे भारदस्त नाव दिसते, त्यामागे हा सगळा काळ आहे. बतावणी, म्हणजे विनोदी संवाद, मात्र जागच्या जागी सुचते. ती आधी लिहून कशी द्यायची, हे कोणत्याच सरकारला सांगता आलेले नाही.

दसऱ्याला फड बाहेर पडतो. पाडव्यापर्यंत बराचसा खेळ कनातीतला, म्हणजे तंबू ठोकून तिकीट लावलेला. त्यात गल्ला भरला तर भरला. पाडव्यानंतर यात्रेचा हंगाम: गाव सुपारी देते आणि गावकऱ्यांना खेळ फुकट असतो. फडमालकाची खरी भिस्त या दीड-दोन महिन्यांवर असते. कारण हंगामाआधी कलाकारांना उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यावी लागते आणि ती बहुधा सावकाराच्या पैशातून येते. सुपाऱ्यांच्या विसाराने आधी ते देणे भागवायचे, अशी ही साखळी आहे. शेसव्वाशे माणसे, चार-पाच ट्रक, जनरेटर, ध्वनिक्षेपक एवढा संसार असलेल्या फडाची सुपारी आता लाखांत बोलली जाते.

भाव ठरतो तिथीवर. गावची यात्रा तिथीला बांधलेली, ती हलत नाही. चैत्र पौर्णिमेला शेकडो गावे एकाच रात्री फड मागतात आणि नावाजलेले फड हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्या रात्रीचा भाव मालक ठरवतो. मधल्या पडत्या तिथींना तोच फड बराच उतरतो. जाणती कमिटी म्हणून तमाशा यात्रेच्या दुसऱ्या रात्री ठेवते. पाडवा कधी येतो यानेही हंगाम बदलतो. २०१८ साली तो १८ मार्चला होता, २०२१ साली १३ एप्रिलला. उशिरा आला की वैशाखातल्या यात्रा वळवाच्या पावसात सापडतात.

सुपारी देताना चार गोष्टी वहीत लिहून घ्याव्यात आणि बहुतेक भांडणे त्या न लिहिल्यानेच होतात. पहिली, आदल्या रात्री फड कुठे आहे. पहाटे खेळ संपवून, सामान भरून, घाट उतरून येणारा ट्रक दुपारनंतर पोचला तर रंगमंच उभा राहायला रात्र होते. दुसरी, वग कोणता आणि मुख्य भूमिकेत कोण. फलकावरचे नाव बघून पैसे द्यायचे आणि ते नावच रंगमंचावर नाही, यावरून दगडफेकीपर्यंत मजल गेलेली आहे. तिसरी, हजेरी, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळचा खेळ, धरली आहे का. चौथी, पाऊस आल्यास काय: अर्धा खेळ झाल्यावर पैसे पूर्ण की दुसरी तारीख. गावाकडून लागते ते सपाट मैदान, ट्रक वळेल एवढा रस्ता, पाण्याचा टँकर, कलाकारांना उतरायला शाळा किंवा मंदिराची ओसरी आणि पोलिसांचा परवाना. वर्गणी घरटी किंवा उंबऱ्यामागे काढतात. ती यात्रेनंतर गोळा करू म्हणणारी कमिटी पुढच्या वर्षी बदललेली असते.

यात्रेचा दिवस जुन्या क्रमाने चालतो. सकाळी अभिषेक आणि नैवेद्याची पुरणपोळी, दुपारी बैलगाडे, सांजेला पालखी, मग छबिना, म्हणजे देवाची रात्रीची मिरवणूक, आणि त्यानंतर तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे तमाशाची हजेरी आणि उन्हे कलली की कुस्त्यांचा आखाडा. देव सामिष असेल तर त्या दिवशी घरोघरी मटण. बैलगाडे मध्ये काही वर्षे बंद होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१मध्ये त्या सशर्त सुरू झाल्या आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा ग्राह्य धरला. त्या सात-आठ वर्षांत या पट्ट्यातल्या यात्रांची दुपार ओस पडली होती.

खेळाची बांधणी पूर्ण रात्रीच्या हिशेबाने झालेली आहे. आधी ढोलकी आणि हलगी तापते. हलगी तर अक्षरशः विस्तवावर शेकून. दमट हवेत कातडे सैल पडून आवाज बसतो, चैत्राच्या कोरड्या रात्री तो खणखणीत राहतो. हल्ली कातड्याऐवजी प्लॅस्टिकचे पान लावतात. ते शेकावे लागत नाही, पण नादही तसा येत नाही. मग गण, म्हणजे गणपतीचे स्तवन, मग गवळण: कृष्ण, पेंद्या, वाट अडवलेल्या गौळणी आणि पुरुषाने रंगवलेली मावशी. तुणतुणे, मंजिरी आणि सुरत्यांची, म्हणजे साथीला गाणाऱ्यांची, ‘जी जी रं जी’ मागे चालू असतेच. पुढे बतावणी, लावण्या, फर्माइशी, दौलतजादा, म्हणजे प्रेक्षकांनी कलाकारांना दिलेले पैसे. वग उभा राहायचा मध्यरात्रीनंतर आणि संपायचा तांबडे फुटताना. सुरुवातीचा पसारा एवढा मोठा ठेवण्यात हिशेब होता: लांबच्या वाडीवरचे लोक बैलगाडीने येईपर्यंत आणि छबिना देवळात परतेपर्यंत वेळ काढायचा.

या रचनेवर सर्वांत मोठा घाव घड्याळाने घातला. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद केले. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकते, पण ते दिवस बहुतेक गणेशोत्सव-नवरात्रात जातात. चैत्रातल्या आडगावच्या यात्रेला त्यातला एखादाही क्वचितच मिळतो. पालखी आटोपून खेळ नवाला सुरू झाला तर हातात तास उरतो. फडाने काय कापायचे? गण कापता येत नाही, तो देवाचा. गवळण आखडते, बतावणी पाच मिनिटांची होते, सिनेमाच्या गाण्यांवरचे नाच शिट्ट्या मिळतात म्हणून राहतात आणि वग जातो. लोकांना वग नको झाला असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. वगाला वेळच उरला नाही आणि ज्या पिढीने तो पुरता पाहिलाच नाही ती तो मागणार कशी? पोलिसांनी डोळेझाक केली तर खेळ चालतो, पण सुपारीची रक्कम कोणाच्या डोळेझाकीवर लावायची, हा कमिटीपुढचा पेच आहे. काही गावांनी त्यावर तोड काढली: रात्री गण-गवळण आणि नाच-गाण्यांची रंगबाजी, आणि वग दुसऱ्या दिवशी हजेरीत, मांडवाखाली. उन्हामुळे मुलेबाळे, म्हातारी माणसे कमी येतात, पण वग पुरा होतो.

मित्रांबरोबर मुद्दाम खेळ बघायला जायचे तर म्हणूनच जुना सल्ला उलटा करावा लागतो. पूर्वी जेवून अकराला निघाले तरी चालायचे. आता साडेसातला मैदानात पोचून रंगमंचासमोर सतरंजी टाकावी. मागे उभे राहणाऱ्याला ध्वनिक्षेपकाची कर्कश बाजूच ऐकू येते, ढोलकीची थाप नाही. गाडी तोंड रस्त्याकडे करून लावावी, कारण खेळ सुटल्यावर सगळे गाव एकाच वेळी निघते. गोडीशेव आणि रेवड्या आधी घ्याव्यात, दहानंतर दुकानांची पाले उतरू लागतात. आणि मुक्काम करता आला तर हजेरीला थांबावे.

करोनात या हंगामाचे काय झाले, ते तारखांवरूनच कळते. २०२०चा पाडवा २५ मार्चला होता, देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस. २०२१चा १३ एप्रिलला, आणि दुसऱ्याच दिवशी राज्यात कडक निर्बंध लागले. दोन वर्षे राहुट्या नाहीत, सुपारी नाही, पण उचल वाटून झालेली आणि व्याज चालू. काही कलाकार मजुरीला गेले, काहींनी भाजी विकली. २०२२ साली सरकारने निर्बंध उठवले तेही पाडव्याच्याच मुहूर्तावर, २ एप्रिलला, आणि नारायणगावात वह्या पुन्हा उघडल्या.