वर्षाहून जास्त काळ गावी राहिलात? ग्रीन कार्ड टिकवण्यासाठी अर्ज आणि कागदपत्रं

मुलांकडे अमेरिकेत राहणारे आईवडील दोन महिन्यांसाठी साताऱ्याला येतात, मध्येच आजारपण निघतं आणि मुक्काम लांबतो. ग्रीन कार्डावर (अमेरिकेतल्या कायम रहिवासाचं कार्ड) अजून सहा वर्षांची मुदत दिसते, म्हणून सगळे निर्धास्त असतात. पण ती मुदत कार्डाची. तितका काळ बाहेर राहायची मुभा नव्हे. सलग वर्षभर बाहेर राहिलात की नुसत्या कार्डावर परत जाता येत नाही, विमान कंपनी मुंबईलाच अडवू शकते.

म्हणून आधी पासपोर्टवर भारतात उतरल्याचा शिक्का बघून दिवस मोजा. अकरावा महिना चालू असेल तर बाकीची कामं बाजूला ठेवून तिकीट काढा. १८० दिवस उलटले असतील तर अमेरिकेतल्या विमानतळावर जास्त चौकशी होऊ शकते. तिथली कर विवरणपत्रं, बँक खातं, घराचा करार बरोबर ठेवा. विवरणपत्र अनिवासी म्हणून भरलं असेल तर तेच तुमच्या विरोधात जातं. दर सहा महिन्यांनी पंधरा दिवस अमेरिकेत तोंड दाखवून आलं की भागतं, हाही गैरसमज आहे.

मुक्काम लांबणार हे आधीच माहीत असेल तर री-एन्ट्री परमिट, म्हणजे जास्त काळ बाहेर राहून परत येण्याचा परवाना, काढा. त्याचा आय-१३१ अर्ज अमेरिकेत असतानाच भरावा लागतो, साताऱ्यातून भरता येत नाही. बोटांचे ठसेही तिथेच द्यायचे, म्हणून ते देऊनच निघा. परमिट साधारण दोन वर्षांचं असतं आणि वाढवून मिळत नाही.

परमिट नाही आणि वर्षही उलटलं, तर उरतो एसबी-१ व्हिसा, म्हणजे परतणाऱ्या कायम रहिवाशांचा व्हिसा. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत डीएस-११७ अर्ज द्यायचा. निघताना तुम्ही कायम रहिवासी होता, परतायचा इरादा कधी सोडला नाही आणि मुक्काम तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने लांबला, या तिन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. अनेक अर्ज तिसऱ्या गोष्टीवर अडतात. शेताची वाटणी किंवा घराचं बांधकाम हे कारण लंगडं पडतं. आजारपण चालतं, पण डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘विश्रांती घ्यावी’ लिहिलेलं पुरत नाही. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत विमानप्रवास करता येत नव्हता आणि का, हे डॉक्टरांकडून लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह लिहून घ्या. रद्द केलेलं परतीचं तिकीट जपून ठेवा, इरादा दाखवायला त्याच्याइतका बोलका कागद नाही. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडा. हा अर्ज मंजूर झाला की डीएस-२६० (प्रत्यक्ष व्हिसाचा अर्ज), वैद्यकीय तपासणी आणि त्यांचं वेगळं शुल्क. प्रवासाच्या किमान तीन महिने आधी सुरुवात करा.

अमेरिकेतल्या विमानतळावर अधिकाऱ्यांनी आय-४०७ पुढे केला तर घाबरून सही करू नका. तो कार्ड स्वेच्छेने सोडल्याचा फॉर्म आहे, त्यावर सही करायची सक्ती नाही. इमिग्रेशन न्यायाधीशांपुढे सुनावणी मागता येते.

एसबी-१ नाकारला आणि मुलगा किंवा मुलगी अमेरिकन नागरिक असून वय २१ पूर्ण असेल, तर त्यांनी आय-१३० (नातेवाइकांसाठीचा अर्ज) भरून आईवडिलांसाठी नव्याने सुरुवात करावी. आईवडिलांच्या या वर्गाला वार्षिक कोट्याची रांग नाही.