मुसळी न खणता तिची ओळख

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांत पावसाळा सुरू झाला की सफेद मुसळीची पानं जमिनीतून वर येतात, मागोमाग पांढरी फुलं. हिवाळ्यापर्यंत सगळं वाळून जातं आणि मातीखाली फक्त मुळांचा झुबका उरतो. औषधी बाजारात भाव या झुबक्यालाच. तो खणून नेला की झाड संपलं. क्लोरोफायटम बोरिविलियानम (सफेद मुसळीचं शास्त्रीय नाव) ही जात म्हणूनच आज संकटग्रस्त गणली जाते.

तिची जनुकं वाचायला मात्र मूळ लागत नाही, बोटभर पान पुरतं. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये ते लगेच वाळवलं की डीएनए टिकतो. पानाच्या पेशीत केंद्रकातल्या जनुकसंचाच्या प्रती मोजक्याच असतात, हरितलवकातल्या (प्रकाशावर अन्न बनवणाऱ्या हिरव्या कणांतल्या) संचाच्या मात्र शेकडो, कधी हजारो. त्यामुळे पानातला सगळा डीएनए वरवर वाचला तरी हरितलवकाचा मजकूर पुनःपुन्हा हाती लागतो. फाटक्या पोथीचे कपटे सारख्या ओळींवरून जुळवावेत, तसे संगणक हे छोटे तुकडे सांधतो. खरी कसोटी एका जागी लागते: या संचात एक मोठा भाग दोनदा येतो, दुसऱ्यांदा उलट्या दिशेने. तिथे जुळणी सहज चुकते.

हरितलवकाला स्वतःचा डीएनए असतो, कारण त्याचे पूर्वज स्वतंत्र जगणारे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर अन्न बनवणारे जिवाणू होते. तंबाखूचा असा संच १९८६ साली पूर्ण वाचला गेला, सुमारे १ लाख ५६ हजार अक्षरांचा. बहुतेक सपुष्प वनस्पतींचा संच याच्याच आसपास भरतो.

बाजारातल्या मुसळीच्या चूर्णात शतावरीच्या जातींची मुळंही मिसळलेली सापडतात. दळल्यावर डोळ्यांना काय कळणार? वनस्पती ओळखण्यासाठी २००९ साली आरबीसीएल आणि मॅटके ही हरितलवकातली दोन जनुकं ठरवली गेली. पण मुसळीच्या, म्हणजे क्लोरोफायटमच्या, अगदी जवळच्या जातींत ती कमी पडू शकतात. पूर्ण संच हाताशी असेल तर फरकाच्या कितीतरी जागा सापडतात.

मला याहून महत्त्वाचं वाटतं ते पुनर्लागवडीचं. शेतातली मुसळी बऱ्याचदा बाहेरच्या बेण्यावर वाढवलेली असते. ती याच डोंगरांतल्या तोरणमाळच्या रानात लावण्याआधी तिथल्या मूळ झाडांशी ताडून पाहायलाच हवी. त्यासाठी एकटं हरितलवक पुरणार नाही. सपुष्प वनस्पतींत ते सहसा आईकडूनच येतं, परागकणांतून आलेला बापाचा वारसा त्यात दिसत नाही. तो केंद्रकातल्या डीएनएत शोधावा लागतो, आणि त्यासाठीही तेच बोटभर पान चालतं.