आम्ल आधी सापडले, झडप नंतर: छातीतल्या जुनाट जळजळीच्या उपचारांची पार्श्वभूमी

जेवणानंतर छातीच्या मध्यभागी जळजळणे, आंबट-कडू पाणी घशाशी येणे आणि रात्री आडवे झाल्यावर ठसका लागून जाग येणे ही तक्रार आठवड्यातून अनेकदा, महिनोन्महिने होत राहिली, तर डॉक्टर तिला नेहमीची ॲसिडिटी न म्हणता जठरातील आम्ल अन्ननलिकेत उलटण्याचा जुनाट विकार मानतात. या विकाराच्या उपचारांचा इतिहास पाहिला तर असे दिसते की वैद्यकाला आम्ल आधी सापडले आणि ते वर येऊ न देणारी झडप नीट मोजता येण्यास आणखी सव्वाशेहून अधिक वर्षे जावी लागली. आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यात आजही जे असते ते बहुतेक आम्लावरचे असते, झडपेवरचे नसते. गोळी बंद केली की त्रास परत का येतो, या रुग्णाच्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी इथेच आहे.

लक्षणांची नोंद आपल्याकडे फार जुनी आहे. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत अम्लपित्ताला स्वतंत्र अध्याय नाही. काश्यपसंहितेच्या खिलस्थानात आणि माधवनिदानात मात्र तो आहे. अन्न न पचणे, मळमळणे, कडू-आंबट ढेकर येणे, अंग जड होणे, छाती व घसा जळणे, अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे माधवनिदानाने एकत्र मांडली आणि वर उसळणारे व खाली जाणारे असे अम्लपित्ताचे दोन प्रकारही केले. दमट, पाणथळ प्रदेशात हा विकार अधिक होतो, असे काश्यपसंहितेने नोंदवले आहे. ही निरीक्षणे बारकाईची आहेत. परंतु जठरातला तो दाहक पदार्थ कोणता आणि तो कोणत्या वाटेने, कशामुळे वर येतो, हे तपासण्याची साधने त्या काळी नव्हती.

तो पदार्थ हायड्रोक्लोरिक आम्ल आहे, हे इंग्रज वैद्य विल्यम प्राउट यांनी 1824 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले. त्याच सुमारास अमेरिकेतील लष्करी शल्यविशारद विल्यम बोमाँट यांच्या हाती एक विलक्षण रुग्ण आला होता. मॅकिनॅक बेटावर 1822 मध्ये बंदुकीचा बार लागलेल्या ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या जठराला पडलेले भोक कायमचे उघडे राहिले. बोमाँट यांनी मांसाचे आणि भाजीचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून त्या भोकातून आत सोडले, ठरावीक वेळाने बाहेर ओढून ते किती विरघळले हे पाहिले आणि 1833 मध्ये हे सारे प्रयोग ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्या तरुणाने वर्षानुवर्षे सोसलेल्या त्रासाची नोंदही पचनाच्या इतिहासात आदराने व्हायला हवी.

आम्ल म्हटल्यावर त्याला मारणारा क्षार हा उपाय ओघानेच आला. खाण्याचा सोडा, मॅग्नेशिया, खडूची पूड आणि न्यूकॅसलच्या जेम्स क्रॉस्ली इनो यांची आपल्या घरोघरी पोहोचलेली फसफसणारी पूड ही सारी त्याच विचाराची अपत्ये होत. शिकागोच्या बर्ट्रम सिपी यांनी 1915 मध्ये जठरव्रणाच्या रुग्णांसाठी दर तासाला दूध व साय आणि मधल्या वेळेत क्षारांची पूड असा आहार सुचवला आणि तो पुढे कित्येक दशके चालला. त्यातून काही रुग्णांच्या रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर परिणाम होत असल्याचे पुढच्या दशकातच लक्षात आले. जळजळ झाली की थंड दूध पिण्याचा आपल्याकडचा घरगुती उपायही याच जातीचा आहे. त्याने घटकाभर बरे वाटते, पण दुधातील प्रथिने आणि कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल स्रवायला लावतात, त्यामुळे रोजचा उपाय म्हणून तो उपयोगी नाही.

इतके होऊनही सारे लक्ष जठराकडे आणि त्यातल्या व्रणाकडेच होते. अन्ननलिकेला होणारी इजा हा वेगळा आजार आहे, असे न्यूयॉर्कच्या ॲशर विंकेलस्टाइन यांनी 1935 मध्ये मांडले. ब्रिटिश शल्यविशारद फिलिप ॲलिसन यांनी 1951 मध्ये या विकाराचा संबंध छाती-पोटामधल्या पडद्यातून जठराचा भाग वर सरकण्याशी, म्हणजे हायटस हर्नियाशी, जोडला. तोवर झडपेची जागा कोणालाच नीट दाखवता आली नव्हती, कारण मृतदेहाचे विच्छेदन करून पाहिले तरी तिथे दारासारखे काही आढळत नाही. अन्ननलिकेच्या तळाशी स्नायूंचे एक कडे असते. ते जिवंतपणी आवळलेले असते आणि घास गिळताना तेवढे सैल होते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फाइक, कोड आणि श्लेगेल यांनी 1956 मध्ये नळीतून दाब मोजून हा आवळलेला पट्टा दाखवून दिला. जॉन डेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या सुमारास पुढचे निरीक्षण केले: हे कडे नेहमी कमजोर असतेच असे नाही, ते गिळण्याशी संबंध नसताना मध्येच काही सेकंद सैल पडते आणि आम्ल बहुतेक त्याच वेळी वर येते. पोट तट्ट फुगले की हे सैल पडणे वाढते. रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच आडवे होणाऱ्यास अधिक त्रास का होतो, हे यावरून समजते.

झडपेवरचा पहिला टिकाऊ उपाय मात्र योगायोगाने सापडला, आणि ती हकीगत सविस्तर सांगण्याजोगी आहे. बर्लिनच्या शारिते रुग्णालयातील शल्यविशारद रुडॉल्फ निसेन यांना ज्यू वंशाचे असल्यामुळे 1933 मध्ये जर्मनी सोडावी लागली आणि ते इस्तंबूलला गेले. तिथे 1936 च्या सुमारास अन्ननलिकेच्या तळाशी व्रण असलेल्या एका रुग्णाचा तो भाग काढून त्यांनी वरचे टोक जठराला जोडले आणि शिवण गळू नये म्हणून जठराच्याच घड्या तिच्याभोवती घेतल्या. हेतू शिवण सांभाळण्याचा होता. प्रत्यक्षात अनेक वर्षांनंतरही त्या रुग्णाला आम्ल उलटण्याचा त्रास नव्हता. निसेन यांनी हे लक्षात ठेवले आणि 1955 मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे जठराचा वरचा घुमटासारखा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून शिवण्याची शस्त्रक्रिया मुद्दाम, याच विकारासाठी केली. जठरात दाब वाढला की ही गुंडाळीच अन्ननलिकेला आवळते. काहींना नंतर ढेकर देता येत नसे, पोट फुगे, घास अडके. म्हणून अर्धवट गुंडाळण्याच्या पद्धती निघाल्या. बेल्जियममध्ये बर्नार्ड दालमान्य यांनी 1991 मध्ये ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून केल्याचे प्रसिद्ध केले आणि मोठ्या छेदाची गरज संपली.

औषधांच्या बाजूने मोठी उडी ब्रिटनमध्ये पडली. जठराला आम्ल स्रवायला लावणाऱ्या हिस्टामिनची वाट अडवणारे औषध जेम्स ब्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. त्यातून आलेले सिमेटिडिन 1976 मध्ये ब्रिटनच्या बाजारात आले, रॅनिटिडिन 1981 मध्ये, आणि ब्लॅक यांना 1988 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी स्वीडनमधून ओमेप्राझोल आले. ते थेट आम्ल बाहेर टाकणारा पेशीतला पंप बंद पाडते. पँटोप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल ही सारी त्याचीच भावंडे.

या गोळ्या कशा चालतात हे ठाऊक असेल तर त्या कधी घ्याव्यात हे वेगळे सांगावे लागत नाही. गोळी आतड्यात विरघळून रक्तातून जठराच्या पेशीत पोहोचते आणि जे पंप त्या वेळी चालू असतात त्यांनाच कायमचे बांधून ठेवते. पंप चालू होतात जेवणाने. म्हणून ती जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते आणि पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात. जळजळ सुरू झाल्यावर किंवा जेवून उठल्यावर घेतलेल्या गोळीचा बराचसा गुण वाया जातो. आपल्याकडे हे इतक्या सर्रास घडते की ‘मला गोळी लागूच पडत नाही’ म्हणणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न वेळेचाच विचारावा, असे मला मनापासून वाटते. महिनोन्महिने घेतलेली गोळी एकदम थांबवली तर काही आठवडे आम्ल उसळून अधिकच तयार होते, हेही रुग्णाला आधी सांगायला हवे. नाहीतर तो आजार परतला असे समजून पुन्हा स्वतःच दुकानातून पाकीट आणतो.

झडपेवर काम करणाऱ्या औषधांचे अनुभव फारसे चांगले नाहीत. जठर लवकर रिकामे करणारे सिसाप्राइड हृदयाची लय बिघडवत असल्याचे आढळले आणि भारतात 2011 मध्ये त्यावर बंदी आली. आपल्याकडे पँटोप्राझोलच्या जोडीला सरसकट दिल्या जाणाऱ्या डॉम्पेरिडोनवर युरोपच्या औषध नियामकाने हृदयाच्याच कारणासाठी 2014 मध्ये मर्यादा घातल्या, तरी त्या जोडगोळीची पाकिटे इथे चिठ्ठीशिवाय मिळतात. आम्लावरच्या औषधांपैकी रॅनिटिडिनमध्येही कर्करोगाची शक्यता वाढवणारी अशुद्धी सापडल्यामुळे अमेरिकेने 2020 मध्ये ते बाजारातून काढायला लावले आणि भारताने 2022 मध्ये अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून वगळले.

औषधांखेरीजचे जे उपाय आज सांगितले जातात ते मात्र झडपेशी थेट जोडलेले आहेत: पोटाचा घेर कमी करणे, जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवणे, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून ती बाजू सहा-आठ इंच उचलणे आणि डाव्या कुशीवर झोपणे. नुसत्या उशा वाढवल्याने पोट दुमडते आणि उपयोग होत नाही. घास अडकणे, वजन घटणे, काळी शी होणे किंवा रक्ताची उलटी होणे यांपैकी काहीही असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. आणि छातीत दुखत असेल तर आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी.

निदानाची साधने या काळात झपाट्याने बदलली. पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासह 1954 मध्ये काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा नेता येते हे दाखवले आणि तीन वर्षांत बेसिल हर्शोविट्झ यांनी त्यावरून तोंडावाटे आत घालून अन्ननलिका व जठर पाहण्याची लवचीक दुर्बीण बनवली. मात्र जळजळ असूनही दुर्बिणीत अन्ननलिका स्वच्छ दिसणारे रुग्ण पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी जॉन्सन आणि डीमीस्टर यांनी 1974 मध्ये रूढ केलेली चोवीस तासांची तपासणी आहे. नाकातून घातलेल्या, आम्ल मोजणाऱ्या बारीक तारेचे टोक अन्ननलिकेच्या तळच्या स्नायूंच्या कड्याच्या 5 सेंटिमीटर वर ठेवतात, रुग्ण नेहमीसारखा जेवतो-झोपतो आणि जळजळ झाली की कमरेच्या यंत्रावरचे बटण दाबतो. एकूण वेळेच्या 6 टक्क्यांहून अधिक काळ तिथे आम्ल असेल तर विकार निश्चित, 4 टक्क्यांहून कमी असेल तर बहुधा कारण वेगळे. मधल्या आकड्यांत डॉक्टरांना इतर पुरावे पाहावे लागतात. दुर्बिणीत ठळक इजा दिसली नसेल आणि गोळी आयुष्यभर घ्यायची की शस्त्रक्रिया करायची हे ठरवायचे असेल, तर रुग्णाने ही तपासणी आवर्जून मागावी. मुंबई-पुण्यातील मोठ्या रुग्णालयांत ती होते.